हाताचा क्लच

माझा मोठा भाऊ ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाला आणि जुने छोटे ट्रॅक्टर गोळा करू लागला. छोटे म्हणजे बागेतले. द्राक्षाच्या दोन ओळींमधून निघतील एवढ्याच रुंदीचे, फवारणीला आणि मशागतीला वापरलेले, आणि नवा ट्रॅक्टर आल्यावर शेडमागे ढकलून दिलेले. ते कुठे सापडतात हे त्याला लवकरच कळलं. सटाण्याकडचा एक कांद्याच्या चाळीला टेकून उभा होता आणि त्याच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती. मालकाने ट्रॅक्टर लगेच दिला. घासाघीस झाली ती कोंबडी कुठे बसणार यावर.

शहराबाहेर, मखमलाबादच्या पुढे, दादाने पत्र्याचं शेड बांधलं. मी वर्तमानपत्रातली नोकरी संपवून घरी बसलो होतो, म्हणून रविवारी तिथे जायचो. बोल्ट डिझेलमध्ये भिजत घालणे, तारेच्या ब्रशने गंज काढणे, दादा मागेल तो पाना देणे, एवढंच माझं काम. एकेक ट्रॅक्टर उभा राहायला वर्ष लागायचं. दादाला घाई नव्हती. त्याची आख्खी नोकरी अशा ठिकाणी गेली होती जिथे प्रत्येक भाग ड्रॉइंगशी जुळला नाही तर पुढे जात नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीतही त्याचा नियम तोच होता. कंपनीतून जसा बाहेर पडला तसा तो दिसला पाहिजे. शेतकऱ्याने नंतर जे काही जोडलं, कापलं, वाकवलं, त्याला तो एकच शब्द वापरायचा: घाण.

दाजींचा ट्रॅक्टर या संग्रहात आला तो आमच्या बहिणीमुळे. ताई दिंडोरी तालुक्यात दिलेली. दाजींचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. मांडीपासून खाली तो काठीसारखा आहे. उभं राहता येतं, चालता येतं, पण दाब देता येत नाही. त्यांच्या वडिलांनी बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेतला तेव्हा तो दाजींचा धाकटा भाऊ चालवणार असं ठरलं होतं. दाजींनी गावातल्या वेल्डरकडून क्लचच्या पेडलला एक लोखंडी पट्टी जोडून घेतली. पट्टी सीटच्या डाव्या बाजूने वर आलेली, टोकाला सायकलच्या हँडलची रबरी मूठ. मूठ मागे ओढली की पेडल दाबलं जायचं. हाताने क्लच. त्या दिवसापासून ट्रॅक्टर त्यांनीच चालवला, आणि हंगामात दुसऱ्यांच्या बागांची फवारणीही त्यांनीच केली.

आमचे वडील स्थळ पाहायला गेले तेव्हा दाजी ट्रॅक्टरवरूनच दारात आले. वडिलांना मुलगा पसंत पडला. मग तो खाली उतरला आणि पाय दिसला. परतीच्या एसटीत वडील खिडकीतून बागा पाहत होते. शेवटी म्हणाले, "दिवसभर ट्रॅक्टरवर असतो. त्याला चालायचंय कुठं?" लग्न झालं.

पुढे बाग तोट्यात गेली. दाजींनी ती काढून टाकली, वेलींच्या मांडवाच्या तारा भंगारात घातल्या. मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता. जमीन वाट्याने दिली. ट्रॅक्टर गोठ्याशेजारी प्लास्टिकखाली उभा राहिला आणि तिथेच बंद पडला. दाजी तेव्हापासून ओट्यावर बसलेले असत.

दादाने तो मागितला तेव्हा मी तिथे होतो.

"दाजी, हा मला द्या. नवाकोरा करून दाखवतो."

"नवा काय करताय? म्हातारा झालाय तो माझ्यावाणी."

"किंमत बोला."

"बायकोच्या भावाकडून पैसं घेऊ? गावात राहायचंय मला." दाजी हसले. मग म्हणाले, "एकच हाय. चालू झाला की पहिली चक्कर माझी."

"तुमचीच. चारचौघांत मारा."

आतून ताई म्हणाली, "त्याच्याकडून आधी वदवून घ्या तीनदा. दादा लहानपणी माझी बाहुली दुरुस्त करायला घेऊन गेला होता. अजून काम चालू आहे."

सगळे हसले. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये चढवला.

इंजिन जाम होतं. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं, आणि काही आठवड्यांनी लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत पिस्टन सोडवला. बॅटरीच्या डब्याखाली मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा शाबूत सापडला. त्यावरून रंग जुळवला. मांडवाखालून जाण्यासाठी दाजींनी सायलेन्सर आडवा करून घेतला होता. दादाने तो उभा केला. तारांना अडकतात म्हणून मडगार्ड कापले होते. दादाने जुन्या पुस्तिकेतल्या मापाने नवे बनवून घेतले. काम चांगलं होतं, याबद्दल कुणाचंही दुमत झालं नसतं.

एका रविवारी ती लोखंडी पट्टी मला कोपऱ्यातल्या भंगारात दिसली.

"ही परत बसवायची आहे ना?" मी विचारलं.

"ती मूळची नाही."

"दाजींचा क्लच आहे तो."

"त्या वेल्डिंगने पेडल वाकडं झालं होतं. सरळ करायला मला आठवडा लागला. विमानात असलं चालेल का?"

"हे विमान नाही."

"असंच म्हणत म्हणत सगळ्याची घाण होते." मग पाना उचलत, "आधी मेळावा होऊ दे. मग बघू."

मेळावा म्हणजे जुने ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांचा. दर हिवाळ्यात होतो, परीक्षक असतात, आणि सगळ्यात जास्त गुण मूळ अवस्थेला. दादाला त्याआधी दोनदा दुसरा क्रमांक मिळाला होता.

दाजींचे फोन मला यायचे, दादाला नाही. दादाच्या कामात त्यांना व्यत्यय आणायचा नसे. इंजिन सुटलं का, रंग कोणता, पंप जुनाच ठेवला का. एकदा म्हणाले, "पाहुणं, तेवढी मूठ नवी टाकायला सांगा. जुनी हाताला काळं लावती." मी हे दादाला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "मी बोलतो त्यांच्याशी." तो बोलला नाही. ते मला मेळाव्याच्या दिवशी कळलं.

त्या वर्षी मेळावा दिंडोरीजवळच्याच एका मैदानावर होता. दाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून आले. गावातले सात-आठ जण वेगळ्या पिकअपमधून आले होते. दाजींची चक्कर पाहायला, असं त्यांच्यातल्या एकाने मला सांगितलं. ट्रॅक्टर रांगेत मधोमध होता. दाजी समोर उभे राहिले, बोनटवर हात फिरवला. "लय भारी केलाय," ते दादाला म्हणाले. "हा माझाच का, दुसऱ्याचा आणला?" दादा खूश झाला. तेवढ्यात परीक्षकांनी त्याला बोलावलं आणि तो गेला.

चालवून दाखवायची वेळ आली तेव्हा माइकवरच्या माणसाने मूळ मालक म्हणून दाजींना पुढे बोलावलं. ते उजव्या बाजूने चढले. ट्रॅक्टरवर चढण्याची त्यांची पद्धत ठरलेली आहे: आधी उजवा पाय, मग डावा हाताने उचलून आत. बसले. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. गावच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. दाजींचा डावा हात सीटच्या बाजूला खाली गेला, आणि काहीच हाताला न लागता वर आला. त्यांनी वाकून पाहिलं. मग मान वर करून दादाला शोधलं. दादा परीक्षकांना डिझेल पंप दाखवण्यात गुंतला होता. त्यांच्याकडे त्याची पाठ होती.

तिथून उतरून येता आलं असतं. ते उतरले नाहीत. त्यांनी डावा पाय पेडलवर ठेवला, डाव्या हाताने गुडघ्यावर जोर दिला आणि उजव्या हाताने गिअर टाकायचा प्रयत्न केला. पेडल अर्धंच गेलं. गिअर करकरला. तो आवाज मैदानभर ऐकू गेला.

"काका, हळू!" माइकवरचा म्हणाला. "ट्रॅक्टर सासुरवाडीचा दिसतोय, अजिबात दया नाही!"

लोक हसले. माइकवाल्याला आमचं नातं माहीत नव्हतं. दाजींनी पुन्हा गुडघ्यावर जोर दिला. पुन्हा तोच आवाज.

आता दादा धावत आला. गिअरबॉक्सचा आवाज ऐकून आला होता. "थांबा, थांबा, दाते जातील!" मग त्याचं लक्ष दाजींच्या गुडघ्यावरच्या हाताकडे गेलं. त्याने मार्ग काढला. त्याच्याकडे कामाला असलेल्या मेकॅनिकला हाक मारली आणि दाजींना म्हणाला, "तुम्ही इकडे मडगार्डवर बसा. हा चालवेल. चक्कर तुमचीच."

दाजी सरकले. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मजूर बसतात, नाहीतर शाळेतून परतणारी मुलं. दाजी तिथे बसले, एका हाताने टोपी धरून, एका हाताने मेकॅनिकची सीट. ताई माझ्याशेजारी होती. ती म्हणाली, "उतरव त्यांना." मी दादाकडे पाहिलं. "उतरव म्हणते ना आत्ता!" पण ट्रॅक्टर निघाला होता. त्याने मैदानाची पूर्ण चक्कर मारली. लोकांनी फोटो काढले. पिकअपमधून आलेल्यांपैकी कुणी टाळी वाजवली नाही; चक्कर संपायच्या आत ते चहाच्या टपरीकडे निघून गेले. माझ्या मते ती त्यांची सभ्यता होती.

दादाला पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांनी माइकवर कारण सांगितलं: नंतर केलेला एकही फेरफार शिल्लक नाही.

मी दोघांना गाडीने घरी सोडलं. अर्ध्या वाटेवर दाजी म्हणाले, "इंजिन चांगलं वाजतंय." दारात ताईने मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पट्टी काढलेली माहीत होतं. दादा त्यांना सांगणार होता."

"म्हणजे माहीत होतं," ती म्हणाली आणि चहाचं न विचारता आत गेली. त्या घरातून चहा न घेता मी त्याआधी कधी परतलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी शेडवर गेलो. पट्टी कोपऱ्यात नव्हती. मेळाव्याच्या आधी शेड साफ केलं तेव्हा भंगारवाल्याकडे गेली, दादा म्हणाला.

"नवी करून बसव."

"पेडलला पुन्हा वेल्डिंग करू? मग बक्षीस कशाचं घेतलं?"

"दाजींना काय वाटलं असेल याचा विचार केलास?"

तो बाकावर बसला. हातात फडकं होतं, ते त्याने बराच वेळ खाली ठेवलं नाही. "खरं सांगू? त्यांचा पाय माझ्या लक्षातच आला नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे लंगडा म्हणून कधी पाहिलंच नाही. ट्रॅक्टर चालवणारा माणूस म्हणूनच पाहिलं."

तो खोटं बोलत नव्हता. हे आपल्या बाजूचं बोलणं आहे असंही त्याला वाटत होतं. ज्या पट्टीमुळे त्याला तो पाय कधी दिसला नाही, ती त्याने स्वतःच्या हाताने कापली होती, आणि हे वाक्य उच्चारताना त्याला त्यात काही विसंगत दिसलं नाही. मी ते त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुम्हा पेपरवाल्यांना शब्द पकडायची सवय." आमच्यातलं त्या विषयावरचं ते शेवटचं बोलणं. मी रविवारी जाणं बंद केलं.

महिनाभराने दादाने माझ्यासमोर दाजींना फोन लावला. कुणाच्या तरी लग्नात आम्ही एकत्र होतो; ताई एकटीच आली होती आणि त्याच्याशी बोलली नव्हती. त्याने फोन स्पीकरवर ठेवला. मी साक्षीदार असावा असं त्याला वाटलं असणार.

"दाजी, मी विचार केला. ट्रॅक्टर तुमचा आहे. पिकअप पाठवतो, तुमच्या दारात आणून उभा करतो."

"तसाच?"

"तसाच म्हणजे आता आहे तसा. एकदम मूळ."

फोनवर मागे कुणीतरी भांडी घासत होतं. दाजी म्हणाले, "माझ्या दारात कशाला, दादा? बघायला? नुसता बघायचाच असंल तर तुमच्याकडं पत्रं चांगलं हाय. इथं पावसात गंजंल."

"मग राहू दे माझ्याकडे?"

"राहू द्या की."

दादाने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "बघ," तो म्हणाला, "त्यांच्या मनात काही नाही." त्याने याचा अर्थ संमती असा घेतला. आता शेड पाहायला येणाऱ्यांना तो तेच सांगतो: मूळ मालकांनी स्वतः सांगितलं, तुमच्याकडेच राहू द्या.