नातेवाइकांची लेन

तलावावरची पोरं तिला शिट्टीबाई म्हणत. पोहायला शिकवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. क्लोरीनने केस तांबूस झालेले, आणि आवाज असा की खोल पाण्याच्या टोकाला असलेल्यानेही घाबरून पाय मारायला लागावं. नवऱ्याला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा मात्र त्या आवाजाला कुलूप लागलं.

पहिले दोन महिने तिने सगळं शहाण्यासारखं केलं, म्हणजे लोकांना जे शहाणपणाचं वाटतं ते केलं. रजा टाकली, पलंगाशेजारच्या लोखंडी खुर्चीत ठाण मांडलं, तापाचे आकडे वहीत उतरवले. येणारा-जाणारा नवऱ्याची तब्येत विचारी. ती जेवली का, हे कोणी विचारत नसे. एका दुपारी नवऱ्याच्या हातून पाण्याचा पेला चादरीवर कलंडला आणि ती अख्ख्या वॉर्डासमोर त्याच्यावर खेकसली. तो "चुकलं माझं" म्हणाला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोरली नर्स शेजारी सलाईन बदलत होती. वळूनही न बघता तिने विचारलं, "बाई, शेवटचं पोहलात कधी?"

तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने नणंदेला खुर्चीत बसवलं आणि तासाभरासाठी तलाव गाठला. ही नवऱ्याची थोरली बहीण, भावाला कडेवर घेऊन वाढवलेली. शिट्टीबाई परतली तेव्हा तिचे ओले केस बघून नणंदेचं डोकंच फिरलं.

"माझा भाऊ इथे सुया टोचून घेतोय आणि तू पाण्यात डुंबतेस? लोक काय म्हणतील?"

"ताई, उद्या मी आडवी झाले तर ते लोक येऊन बसणार आहेत का इथे? मी उद्याही जाणार, परवाही जाणार. तुम्हाला जमत नसेल तर शेजारच्या आजोबांना सांगून जाईन. पण जाणार."

पलंगावरून नवरा हळूच म्हणाला, "जाऊ दे गं तिला. कालच्या तिच्या बोलण्यापेक्षा सुई बरी होती."

नणंद फुगून बसली, पण रोज सहाला येऊ लागली.

शेजारचे आजोबा म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, मुलाच्या उशाशी बसलेले. समोरच्या पेशंटची मुलगी शाळेत शिकवायची. ती अकरा दिवस घरी गेली नव्हती. शिट्टीबाईने दोघांना विचारलंच नाही, बुधवारी टॉवेल घेऊन या म्हणून बजावलं. पोस्टमास्तरांनी आयुष्यात बादलीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. तिने त्यांच्या पाठीखाली तळवा धरला आणि अंग सैल सोडायला सांगितलं. म्हाताऱ्याला तेच जमेना. मग एकदम जमलं, आणि छताकडे बघत ते घळाघळा रडले. चेहरा ओलाच होता, कोणाला पत्ता लागला नाही.

दोन महिन्यांत नऊ जण झाले. ज्यांना पाण्याची भीती वाटे ते वॉर्डात थांबून बाकीच्यांच्या पेशंटकडे बघत. पण तलावाच्या काही सभासदांना ही विस्कटलेल्या केसांची, काठावर फोन ठेवून पोहणारी मंडळी खुपू लागली. ही मंडळी पोहत ती शेवटची लेन मॅनेजरने दोर बांधून बंद केली. लोक इथे प्रसन्न व्हायला येतात, असल्या चेहऱ्यांनी त्यांचा मूड जातो, असं त्याचं म्हणणं.

शिट्टीबाईने सगळ्यांदेखत तो दोर सोडला. "साहेब, कॅन्सर आमच्या माणसांना झालाय. आम्ही अजून जिवंत आहोत, आणि आम्हाला जिवंतच राहायचंय. लेन बंद केलीत तर आम्ही नऊ जण तुमच्या ऑफिसात येऊन बसू. बसायची सवय आहे आम्हाला, चोवीस तास बसतो."

मॅनेजर तिला वीस वर्षं ओळखत होता. लेन मोकळी झाली.

नवरा सातव्या महिन्यात गेला. शेवटचे नऊ दिवस ती तलावावर फिरकली नाही. कोणी अडवलं म्हणून नव्हे, तिलाच त्याच्यापासून हलायचं नव्हतं. तो गेल्यावर तीन आठवड्यांनी, बुधवारी, ती लेनमध्ये हजर झाली. कुजबुज झालीच. तिने पाठ फिरवली आणि शाळेतल्या त्या मास्तरिणीचे पाय कसे वाकडे पडतायत ते तिला ऐकवलं.

तेवढ्यात काठावर नणंद दिसली, पर्स छातीशी घट्ट धरून उभी. ही इथेही भांडायला आली, असं शिट्टीबाईला वाटलं.

"सहाला जाग येते," नणंद म्हणाली. "कुठे जायचं ते कळत नाही."

इतके महिने सगळे आपल्याला नवऱ्याविषयी विचारत होते. या बाईला तिच्या भावाविषयी कोणी विचारलं नव्हतं, आपणही नाही, हे शिट्टीबाईच्या तेव्हा ध्यानात आलं. ती एवढंच म्हणाली, "चपला तिकडे काढा, ताई. कठडा धरून उतरा."

नणंदेने कठडा अजून सोडलेला नाही. पाणी गार आहे म्हणून ती दर बुधवारी कुरकुरते. मंडळी आता पंधरा झाली आहेत. शिट्टीबाईने दुसरी लेन मागितली आहे, मॅनेजरचं उत्तर आलेलं नाही. तिने दोन लेनमधला दोर आधीच सरकवून ठेवला आहे.