भिंतीवरचं आभारपत्र

आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच त्यांनी देव नदीत सोडले. तरी मी एका माणसाला लेखी देव केलं, तेही सुवाच्य अक्षरात, समास सोडून, दोन फुलस्केप पानांवर. तो माणूस गोंदियातल्या एका खाजगी डायलिसिस केंद्राचा मालक, डॉक्टर होता.

दोन हजार सात-आठची गोष्ट. आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मी तिला गोरेगावहून एसटीने गोंदियाला नेत असे. तिथलं मशीन चार तास तिचं रक्त बाहेर काढून, गाळून परत आत सोडत असे. मी घरातली पहिली बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी. शिकलेल्या माणसांबद्दल माझ्या मनात इतका आदर की पांढरा कोट दिसला की मी खुर्चीवरून उठून उभी राहायची.

आई उठायची नाही. ती पडल्या पडल्या सगळं बघायची. तिथला टेक्निशियन हातमोज्यांच्या एकाच जोडीवर दुपार काढायचा. एकाची सुई काढायची, दुसऱ्याची लावायची, मध्ये मोबाइल घ्यायचा, त्याच बोटांनी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी सोडायची. रक्त पातळ ठेवायच्या औषधाची एकच बाटली खाटेखाटेवरून फिरायची, आणि पुष्कळदा सिरिंजही तीच.

"हा हात धुवत नाई वं," आई एकदा म्हणाली.

"हळू बोल. शिकलेले आहेत ते."

"शिकलेल्याचे हात मळत नाई का?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं. सातवीतल्या पोरांना गप्प करायची सवय होती, ती तिथे आईवर वापरली. त्या केंद्रात मी केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे एवढंच, बघणाऱ्या बाईला गप्प बसवलं.

दुसरं काम म्हणजे ते पत्र. केंद्राचा वर्धापनदिन होता. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आप तो टीचर हो, दो शब्द लिख दीजिए." मॅडम म्हटल्यावर मी दोन शब्दांवर थोडीच थांबणार! 'देवमाणूस' लिहिलं, 'अंधारातला दिवा' लिहिलं. आणि निबंधात मुद्द्याला दाखला द्यावा, हे मी स्वतःच पोरांना शिकवत असल्यामुळे दाखलाही दिला: 'पहिल्याच दिवशी आपण आईचे रक्त तपासून, कावीळ ब नाही, कावीळ क नाही, घाबरू नका, असा धीर दिलात.' डॉक्टर खूश झाले. पत्राखाली केंद्राचा शिक्का मारून, तारीख टाकून त्यांनी ते फ्रेम केलं आणि नोंदणीच्या टेबलामागे टांगलं. येता-जाता मी त्याच्याकडे बघायची. आपलं अक्षर काचेमागे किती छान दिसतं, असं वाटायचं.

तिथे जायला लागल्यापासून दीड वर्षाने आईच्या रक्तात हेपेटायटिस सी निघाला. हीच ती कावीळ क. ती रक्तातून रक्तात जाते आणि गुपचूप लिव्हर खाते. आमच्याच पाळीतल्या आणखी तिघांनाही निघाला.

त्या सोमवारी टेक्निशियनने आम्हाला दारातच अडवलं. "अम्मा को अंदर मत लाओ." दीड वर्ष ज्याच्या हाताला किळस माहीत नव्हती, त्याला आता आईची किळस येत होती. कशीबशी शेवटची एक पाळी दिली आणि सांगितलं, गुरुवारपासून नागपूरला जा, तिथे अशा पेशंटचं मशीन वेगळं असतं. नागपूरचे म्हणाले, फाइल आणा, मग घेऊ. म्हणजे फाइल मिळाली तर गुरुवार होता. नाहीतर आईच्या अंगात पाणी साचायला लागायचं, दोन दिवसांत तिला आडवं पडून श्वास घेता यायचा नाही.

बुधवारी आम्ही फाइल मागायला गेलो. डॉक्टरांनी आईचा हात उलटा करून त्यावरचं गोंदण बघितलं.

"माताजी, ये गोदना कब का है?"

"सात वर्साची होती तवाचं."

"देखा मॅडम? गोदने की सुई से ही होता है ये." आणि त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. संसर्ग केंद्राबाहेर झाला, आमची तक्रार नाही, खाली सही. सही करा आणि फाइल न्या.

आई माझ्याकडे वळली. "पन्नास वर्स हे गोंदन चूप बसून होतं, अन् याच्याइथं येऊन उठलं काय वं?"

"पण सुरुवातीला रिपोर्ट निगेटिव्ह होता, सर," मी म्हणाले. सर! अजूनही सर!

"शुरू में हम ये टेस्ट करते ही नहीं थे."

किती सहज बोलला. मी कागद घेऊन बाहेर आले. सही करायला हात खरंच पेनकडे गेला होता, गुरुवार दुसऱ्या दिवशीच होता. पेन नोंदणीच्या टेबलावर होतं आणि टेबलामागे भिंतीवर माझं अक्षर.

मी ते मोठ्याने वाचलं, वर्गात वाचते तसं. देवमाणूस वाचलं, दिवा वाचला, लाज वाटली तरी वाचलं. मग तो दाखला वाचला, शिक्का आणि तारीखही. बाकावरचे पेशंट, त्यांची माणसं मान वर करून ऐकत होती. एक म्हातारे बाबा म्हणाले, "बेटी, वो टेस्टवाला फिर से पढ़ो." मी पुन्हा वाचलं.

डॉक्टर बाहेर आले. "अंदर बैठके बात करते हैं ना."

"इथंच बोला ना साहेब," आई म्हणाली. "आता आत कायले?"

दहा मिनिटांत फाइल आली. पहिला रिपोर्ट पहिल्याच पानाला टाचलेला होता. सहीच्या कागदाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. त्या म्हाताऱ्या बाबांनी आपलीही फाइल मागितली, त्यांना 'कल आना' सांगितलं. पुढे कळलं की त्याच आठवड्यात ती फ्रेम भिंतीवरून उतरली. माझ्या माहितीत त्या केंद्राने केलेली सुधारणा तेवढीच.

गुरुवारी पहाटेच्या गाडीने नागपूर गाठलं. तिथल्या सिस्टरने आईला खाटेवर घेतलं, बेसिनवर हात धुतले, नव्या हातमोज्यांचं पाकीट फोडलं. आई बघतच राहिली.

"धुतले वं हिनं."

माझ्या घशाशी आभार आले होते. सवय कुठे लगेच जाते! निघताना सिस्टरने अभिप्रायाची वही पुढे केली आणि म्हणाली, "दोन शब्द लिहा." मी तारीख टाकली. खाली लिहिलं: आईला इथे आणले तेव्हा कावीळ क आहे, कावीळ ब नाही. हात धुतलेले पाहिले. आणि तिथे शिक्का मारून घेतला.