पांढरी खुंटी आणि नवं गवत

"अडतीस पौंड! एका रातीचं! आरं क्लिफ, येवढ्यात मला हॉटेलात गादी, उशी आन सकाळची अंडी-बेकन मिळत्यात. हितं गादी माझी, उशी माझी, अंडं माझं, आन त्ये तळणारी बायकू बी माझीच. मग तू नेमकं देतोस तरी काय?"

"गवत देतो," क्लिफ म्हणाला.

"गवत तर माझ्या दारात बी हाय."

"मग र्‍हा की दारात. कुनी बलावलंय का तुला?"

सुट्टीला व्हॅनी आणून राहायचा हा तळ. त्याच्या फाटकाशी लाकडी खोली आहे, तिच्या खिडकीत कोपर टेकून हॅरल्ड ओल्डरॉइड उभा होता. आतल्या बाजूला वॉर्डन क्लिफर्ड सग्डन. दोघंही सत्तरी ओलांडलेले. ओल्डरॉइड नवराबायको या तळावर येऊ लागली तेव्हा त्यांच्या मुली रांगत होत्या. भाड्यावरनं भांडण दरसाल मे महिन्यात व्हायचंच. भांडण झालं की हॅरल्ड पैसे मोजायचा आणि गाडीत जाऊन बसायचा. ह्या साली त्यानं पैसे काढलेच नाहीत.

"रॉच्या रानात चाललो मी," तो म्हणाला. "पंधरा पौंड. नळ हाय, खड्डा हाय. मानसाला आनि काय लागतं?"

आणि खरंच गेला. गाडीमागं जोडलेली व्हॅन, चाकांवरचं घरच ते, डुलत डुलत वळणाआड झाली. मेव्हिस, त्याची बायको, पुढच्या सीटवर नाकासमोर बघत बसली होती. तिनं हातसुद्धा हलवला नाही.

शुक्रवारी माझा तळलेल्या माशांचा गाडा त्या तळावर उभा असतो. त्यामुळं यातलं बरंच माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि उरलेलं क्लिफच्या बायकोनं, ईनिडनं, व्हिनेगर शिंपडता शिंपडता सांगितलं.

क्लिफ मूळचा हॅलिफॅक्सचा. लोकरीच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. गिरणीला कुलूप लागल्यावर बस चालवली. बस सुटल्यावर घरात बसून भिंतींना रंग देत सुटला. एकाच खोलीला तिसर्‍यांदा रंग लावायला निघाला, तेव्हा ईनिडनं हा तळ चालवणार्‍या क्लबाला वॉर्डनच्या जागेसाठी अर्ज टाकला. तेव्हापासून मार्चमध्ये दोघं इथं डोंगरात येतात, फाटकामागं आपली व्हॅन लावतात आणि ऑक्टोबर सरला की ईनिडच्या बहिणीकडं मागच्या खोलीत जाऊन पडतात. तिथं क्लिफला झोप येत नाही. भिंती जाड आहेत म्हणतो, पाऊस ऐकू येत नाही.

माणूस गोड नाही. व्हॅनी दुपारी बारानंतर आत घ्यायच्या, असा क्लबाचा नियम. एकदा पावणेबाराला एक कुटुंब फाटकाशी आलं. बाईला संडासची घाई. क्लिफनं बाईला चालत आत सोडलं आणि नवर्‍याला व्हॅनसकट बाहेर रस्त्यावर ठेवलं. पण त्याचे संडास बघावेत. फरशीवर केस सापडला तर त्याला तो आपल्या घराण्याचा अपमान वाटतो. बेसिनच्या खालची बाजू, जिथं कुणी बघत नाही, तीसुद्धा घासलेली. खुंट्यांभोवतीचं गवत तो गुडघ्यावर बसून कात्रीनं कापतो.

या खुंट्यांचं सांगायला हवं. दर जागेला एक पांढरी खुंटी. व्हॅनचा मागचा कोपरा त्या खुंटीशी आणायचा, म्हणजे एकीला आग लागली तर दुसरीला पोचू नये इतकं अंतर राहतं. म्हणजे गाडीला जोडलेली व्हॅन मागं रेटत न्यायची. डावीकडं न्यायची तर चाक उजवीकडं फिरवायचं, आणि मान पार मागं वळवून बघायचं. बायको मागं उभी राहून हात हलवते. नवरा काचेतनं ओरडतो. सगळा तळ खुर्च्या टाकून बसलेला असतो आणि कुणीही बघत नसतं, म्हणजे तसं दाखवत असतं. पुस्तकं उघडी असतात, पानं उलटत नाहीत. एका दमात व्हॅन खुंटीला लागली तर टाळी वगैरे नाही. शेजारचा फक्त आपल्या बायकोला म्हणतो, "किटली ठेव गं," आणि नव्या माणसाला चहा मिळतो. तीनदा मागं-पुढं झालं, की लोक एकेक करून उठतात आणि आपापल्या व्हॅनीत शिरतात. माणसाची लाज दिसू नये म्हणून. त्या मिटलेल्या दारांइतकं लागणारं दुसरं काही नाही. आणि न मागता मदतीला कुणी जायचं नाही. ते तर थोबाडीत मारल्यासारखं.

हॅरल्डनं उभा जन्म दुधाचा टँकर चालवला होता. डोंगरातल्या अरुंद गोठ्यांत रोज मागं घ्यायचा. या तळावर त्याला दरसाल चहा मिळाला.

जूनमध्ये क्लिफ रॉच्या रानाकडं अंडी आणायला गेला. टॉट रॉ हा खालचा मेंढीवाला. त्याला पाच व्हॅनींची परवानगी आहे. पैसे टाकायला दारावर टिनाचा डबा ठोकलेला. दगडी बांधापलीकडं क्लिफला हॅरल्डची गाडी दिसली. व्हॅन घेऊन जत्रेला जाऊन परतला असावा, ती परत लावत होता. मोकळं रान, बघायला चार मेंढ्या. व्हॅन वाकडी गेली. पुढं घेतली, परत वाकडी. हॅरल्ड सीटवर अख्खं अंग फिरवून बघत होता. मान खांद्यांवर खिळा मारल्यासारखी. पाचव्या खेपेला तो उतरला, व्हॅन सोडवली, आणि तो नि टॉट दोघं छातीनं रेटत ती ढकलायला लागले.

क्लिफ बांधाआड खाली बसला. अंडी न घेताच परत आला.

"अंडी?" ईनिडनं विचारलं.

"न्हाई घातली आज कोंबड्यांनी."

"समद्यांनी मिळून?"

मग त्यानं सांगितलं. ईनिडला नवल वाटलं नाही. दोन दिवस आधी मेव्हिस तिच्याकडं चहाला येऊन रडून गेली होती.

"ख्रिसमसपास्नं मान गेली बघ त्येंची," मेव्हिस म्हणाली होती. "डागतर म्हनला, आता हाय तशीच र्‍हानार. पैशाचं नुसतं निमित्त गं. चौघांत व्हॅन वाकडी गेली तर मी जित्ता र्‍हानार न्हाई म्हंत्यात. त्या रानात मला बोलायला कोन? मेंढरं? संडासाचा डबा घिऊन त्या खड्ड्यापतूर जायचं, वास खायचा, परत यायचं. आन आता म्हंत्यात, सप्टेंबरात इकून टाकू व्हॅन. दुकानाच्या काचंत चिठ्ठी लावनार हायेत."

"त्ये व्हॅनच्या चाकाला मोटार लावत्यात की आताशा," ईनिड तिला म्हणाली होती. "बटन दाबलं की आपआप सरकती."

"म्या बी म्हनलं. तर म्हनले, त्यापरीस मला खुर्चीत बसवून ढकलत ने."

ईनिडनं हे सगळं सांगितल्यावर क्लिफ उठला. गवत कापायचं यंत्र काढलं आणि कापलेलंच गवत परत कापून आला.

ऑगस्टच्या शेवटच्या सुट्टीला तळ भरतो. त्या गुरुवारी फाटकावर पाटी लागली. गवत नवं पेरलंय, गाड्या गवतावर न्यायच्या नाहीत, व्हॅन फाटकाशी सोडा, वॉर्डन ट्रॅक्टरनं लावील. ट्रॅक्टर म्हणजे गवत कापायचाच, वर बसून चालवायचा, मागं आकडा असलेला. आणि त्याच दिवशी ईनिडनं मेव्हिसला निरोप धाडला, ओढ्याकाठची जागा एकाएकी मोकळी झालीय. पाटीचंही सांगितलं.

त्या महिन्यात पाऊस असा नव्हताच. जमीन विटेसारखी. लोकांनी क्लिफला खाऊन टाकलं.

"कुठं पेरलंय गवत?" लीड्सहून आलेला एक तरणा माणूस टाचेनं जमीन ठोकत म्हणाला. "आन माझ्या चाकाला मोटार हाय. बटन दाबतो, जाती आत."

"न्हाई."

"माझी गाडी तर गवताला लागत बी न्हाई मग!"

"समद्यास्नी एकच नियम."

"अडतीस पौंड घेऊन वर ही हुकूमशाही?"

"व्हय," क्लिफ म्हणाला आणि त्याची व्हॅन आकड्याला लावली. दोन दिवस तो त्या ट्रॅक्टरवर होता. जेवणसुद्धा तिथंच. माझ्याकडचे मासे त्यानं एका हातात खाल्ले, दुसरा हात चाकावर. एकेक व्हॅन नेऊन खुंटीशी अशी टेकवायचा, की मध्ये बोट जाईना.

शुक्रवारी तिसर्‍या प्रहरी ओल्डरॉइड आले. हॅरल्डनं पाटी वाचली. उतरून बुटाचं टोक जमिनीवर घासलं, फुफाटा उडाला. त्यानं क्लिफकडं बघितलं. क्लिफ आकडा पुसत होता.

"सोड व्हॅन," क्लिफ म्हणाला. "मागं लोकं खोळंबल्यात."

हॅरल्डनं सोडली. ओढ्याकाठी सगळी पुस्तकं उघडली. क्लिफनं व्हॅन मागं घ्यायला सुरुवात केली आणि ती डावीकडं सरकली. पुढं घेतली. परत मागं, आता उजवीकडं, पार ओढ्याच्या अंगाला.

"आरं, कुनीकडं निघालास?" हॅरल्ड ओरडला. तो खुंटीमागं जाऊन उभा राहिला होता, मेव्हिसच्या जागी. "डावं! डावं! डावा हात कंचा त्ये तरी ठावं हाय का? बस कशी चालवलीस रं तू, किती मानसं मारलीस?"

"बस मागं घ्यावी लागत न्हवती."

"दिसतंयच! आता सोड चाक. सोड म्हनतो ना! हां. हळू. येऊ दे... येऊ दे..."

तिसर्‍या खेपेनंतर लोक उठायला लागले. एक दार मिटलं, दुसरं मिटलं. क्लिफ घामानं थबथबला होता, मानेपर्यंत लाल. लीड्सचा तेवढा बसून राहिला, त्याला रीत ठाऊक नव्हती.

"माझी तर एकाच झटक्यात लावली त्येनं," तो मोठ्यानं म्हणाला. "आता काय झालं?"

त्याच्या बायकोनं त्याला बाहीला धरून आत ओढला.

हॅरल्डनं ते ऐकलं. त्याचा हात हवेतच राहिला. मग त्यानं पुन्हा खुणा सुरू केल्या, आवाज जरा उतरला होता. "डावं. अजून. बास." व्हॅन खुंटीला लागली. ओढ्यापलीकडच्या व्हॅनीतनं कुणीतरी म्हणालं, "किटली ठेव गं," आणि चहा आला तो हॅरल्डला, व्हॅन लावून घेतली म्हणून. त्यानं तो घेतला. मेव्हिस तोवर टॉवेल खांद्यावर टाकून गरम पाण्याकडं निघूनही गेली होती.

सोमवारी सकाळी निघताना हॅरल्ड खिडकीशी आला.

"येवढं भाडं घेता," तो म्हणाला, "आन वॉर्डनाला साधी व्हॅन लावता येत न्हाई. लुटता निव्वळ."

"पुढल्या साली वाढनार हाय आनि."

"वाढवशीलच." त्यानं कोपर खिडकीत टेकलं, वळायचं झालं तसा अख्खा वळला, ओढ्याकडं बघितलं. दुकानाच्या काचेतल्या चिठ्ठीचं काही बोलला नाही. "मे महिन्यात हाय का तीच जागा?"

"बघतो."

"बघ. आन गवत? तवा बी नवंच असनार का?"

क्लिफनं टेबलाखालनं बादली ओढली, तीत ब्रश टाकला.

"ह्या डोंगरात गवत लई सावकाश धरतं," तो म्हणाला. "सर आता वाटंतनं. बायकांचे संडास र्‍हायल्यात अजून."