वेलांटी गेली, काना आला

शाळेच्या मोठ्या मॅडमनी माझ्या हातातलं ताट हिसकावलं. ताटात जामसांवलीच्या मारुतीच्या देवळातून आणलेले पेढे होते. पाचवीची एक ओळ वाटून झाली होती.

"तुम्ही राहू द्या. लेकरांच्या घरचे बोलतील."

माझी जात त्यांना ठाऊक होती. लेकरांच्या हातातले पेढेही त्यांनी काढून घेतले. फाटकाबाहेरच्या गाईपुढे टाकले. माझ्या हातचं गाईला चाललं, लेकरांना नाही. मी सगळ्यांसमोर विचारलं, "का?" एवढंच.

शाळा सुटल्यावर त्यांच्या यजमानांनी बोलावलं. शाळा त्यांचीच. म्हणाले, "उद्या स्टाफरूममध्ये चूक कबूल करायची. नाही तर येऊ नका."

सौंसरहून पांढुर्ण्यापर्यंत बसमध्ये ओढणीत तोंड खुपसून रडले. घरी आईला दम्यानं बोलवत नव्हतं, तरी बोलली.

"कबूल करून टाक न वो बाई. कायले भांडून राहिली? खाऊ काय आपण?"

तिचं काय चुकलं? माझ्या पगाराशिवाय घरात दुसरं काही येत नाही. जीव द्यावासा वाटला.

उठले, शेजारच्या आपांकडे गेले. आपा उर्दूच्या निवृत्त शिक्षिका. नागपूरच्या दवाखान्यांत अरब रोगी येतात, दुभाष्याचं काम मिळेल, या आशेनं मी त्यांच्याकडे अरबी शिकत होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाटी ओढली.

"क, ब, ल. तुझं कबूल याच मुळातलं, बेटा. कबिलतु, मी मान्य केलं. आता क लांबव, बि चा ब कर. काबलतु, मी समोर उभी राहिले. मुकाबला इथूनच आला."

मी दोन्ही शब्द आपल्या अक्षरांत लिहून पाहिले. वाकलेली वेलांटी गेली होती, उभा काना आला होता. मूळ तेच.

दुसऱ्या दिवशी सगळा स्टाफ माना खाली घालून बसला होता.

मॅडमचे यजमान म्हणाले, "बोला. कबूल?"

मी उभी राहिले. "नाही. चूक तुमच्या घरची आहे. पाचवीच्या वर्गात जाऊन तुम्ही कबूल करा."

नोकरी तिथंच गेली. तिथून सरळ पोलीस ठाण्यात आले. हवालदार म्हणतो, "मॅडम, समझौता करून घ्या न. कायले झंझट?"

आईला अजून सांगितलेलं नाही. घरी काय शिजेल, माहीत नाही. हवालदार बाकाकडे बोट दाखवतो, बसा म्हणतो.

मी बसत नाही. रिपोर्ट लिहून घेतल्याशिवाय इथून हलणार नाही.