माधवराव सारांचं ‘मिळून करू’

साल १९९४. मी बावन्न वर्षांचा, तंजावरातल्या एका हायस्कुलात शिपाई. शिक्षण तिसरीपर्यंत, पण माझी घंटा एक मिनिट कधी चुकली नाही. तिथे माधवराव सार होते. खांद्यावर हात ठेवल्याशिवाय ते कुणा पुरुषाशी बोलत नसत. हात मऊ, ओलसर. आज आठवला तरी खांदा झटकावासा वाटतो.

इथे तमिळमध्ये मास्तरांना सार म्हणतात. आमच्या मराठी घरांत सार म्हणजे चिंचेचं पातळ पाणी. हा माणूस दोन्ही अर्थांनी सार.

एरवी ते माझ्याशी तमिळच बोलत. काम निघालं की घरची मराठी बाहेर यायची. “गणपतराव, आपण आपली माणसं. मिळून करू की!” त्यांचं ‘मिळून’ म्हणजे करायचं दुसऱ्याने.

गणिताचे नारायणसामी सार तापट, विज्ञानाच्या जानकी टीचर तिखट. टीचरची नोकरी तात्पुरती होती. दहावीच्या कच्च्या पोरांसाठी दोघांनी मिळून एक पुस्तिका लिहायला घेतली. रोज भांडण.

“टीचर, हा प्रश्न पोरांना मारून टाकेल!”

“सार, तुमच्या गणिताने मेलीच आहेत ती. मी जिवंत करते.”

आणि दोघं हसायचे. स्टाफरूममध्ये एक लांब बाक होता. सगळ्यांच्या वह्या त्यावर उघड्या पडलेल्या, कुणीही घ्यावी, वाचावी. भांडणाऱ्यांचं जुळत होतं. फाटलं ते गोड बोलणाऱ्यामुळे.

शाळेचा कारभार पाहणारे करस्पॉन्डंट येणार होते. पुस्तिका पाहून टीचरला कायम करायचं की नाही, ते ठरवणार होते. मी सायक्लोस्टाइलच्या छपाईयंत्रावर मुखपृष्ठाचं स्टेन्सिल लावून पहिला कागद काढला. त्यावर दोन नावं. तेवढ्यात खांद्यावर हात.

“गणपतराव, नावं कशाला? काम सगळ्या शाळेचं. पुसा बघू. आपली भाषा कळणारं इथे दुसरं कोण आहे?”

मी फुगलो. चूक झाकायचं लाल औषध दोन्ही नावांवर फासलं. दुसऱ्या दिवशी छापायला बसलो, तर खाली एकच नाव कोरलेलं, त्यांचं स्वतःचं. कळलं सगळं. तरी मी यंत्राचं हँडल फिरवलं. त्या माणसाची किळस येते, पण त्या हँडलवरच्या माझ्या हाताची जास्त येते.

करस्पॉन्डंट आले. नारायणसामी सार त्या दिवशी पापनाशमला लग्नाला गेलेले. मी कॉफी घेऊन दाराशी उभा.

“टीचर, यात तुमचं काय?”

टीचरने माधवरावांकडे पाहिलं. वाटलं असेल, आता सांगतील. सांगितलं त्यांनी, मधासारख्या तमिळमध्ये. “शुद्धलेखन पाहिलं हो टीचरने. मिळूनच केलं आम्ही.”

“मग महिनाअखेरपर्यंतच या, अम्मा.”

टीचर “बरं, सार” म्हणाली. बाहेर पडताना माधवरावांचा हात माझ्या खांद्यावर आला. मराठीत. “गणपतराव, कॉफी फक्कड!” ट्रे फेकून मारावा असं झालं. मी पेले विसळले.

संध्याकाळी नारायणसामी सार परतले. त्यांनी ऐकलं, ओरडले नाहीत. बाकावरून आपल्या वह्या उचलल्या. मग इतरांनीही आपापल्या उचलल्या. ड्रॉवरची कुलुपं आणायला सगळ्यांनी मलाच पाठवलं.

कुलुपं वाटून झाल्यावर यंत्राखाली हात घातला. दोन नावांचा तो पहिला कागद मी शाईचे हात पुसायला ठेवला होता. चार बोटांचे काळे डाग, पण नावं वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिशात घालून मी ओरत्तनाडूची पहिली बस धरली. करस्पॉन्डंट तिथे राहत. कागद त्यांच्यापुढे ठेवला, आणि लाल औषध कुणी फासलं तेही सांगितलं. शाळेची घंटा त्या सकाळी कुणी दिली, मी विचारलं नाही.