काढून टाकलेले दोन आकडे

वाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या. कापूस मांडीवर होता, तेवढ्यात प्रमोद भावजी बीपीचं मशीन घेऊन देवघराच्या दाराशी आले. "वहिनी, हात द्या." रोजचंच झालंय हे. माझी जाऊ वैशाली गेल्यापासून ते आमच्याकडे बरकतपुऱ्यात राहतात आणि घरातल्या कुणाचा ना कुणाचा हात धरून मोजत बसतात.

भावजी माझे धाकटे दीर. खवळलेल्या वाऱ्याचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हैदराबादच्या पार दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला त्यांची प्रयोगशाळा. लांब बोगद्यात पंख्याने वारा सोडायचा आणि केसाहून बारीक तापलेल्या तारेने त्याचा वेग मोजायचा. मोजून करता काय, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्या उदबत्तीकडे बोट दाखवलं.

"धूर आधी सरळ जातो बघा, मग विस्कटतो. त्यातलं कुठलं वेटोळं कुठे जाईल, कुणालाच सांगता येत नाही. म्हणून हजारो मापं घ्यायची, सरासरी काढायची, आणि प्रत्येक मापातून ती वजा करायची. उरते ती खळबळ."

"मग त्या खळबळीची सरासरी?"

"शून्य! वर जेवढी, खाली तेवढीच. म्हणून आधी वर्ग करायचा, मग सरासरी. नाहीतर वादळसुद्धा शांत दिसेल. आणि क्वचितच येणाऱ्या मोठ्या उड्या शोधायच्या असतील तर चौथा घात."

पण तारेवर धूळ बसली तरी मापात उडी येते म्हणे. ती खोटी. अशी खोटी उडी ओळखून काढून टाकण्यात भावजींचा हात धरणारा कुणी नव्हता.

गेल्या वर्षी वैशालीला अधूनमधून घेरी यायला लागली. घरीच मशीन आणलं. दोनदा आकडा भलताच वर गेला, बाकी सगळे नीट. भावजींनी नजर टाकली. "पट्टा सैल बांधला असशील. हे दोन काढून टाक, बाकीच्यांची सरासरी बघ. छान आहे."

"हौ, मी काय तुमची तार आहे का, धूळ बसायला?"

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. मग तिने हळूच विचारलं, "डॉक्टरांना दाखवून येऊ का एकदा?"

"नॉर्मल आहे गं. उगाच कशाला?"

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ वाटता वाटता ती ओट्यापाशी कोसळली. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी बीपी वाढलेलं दिसलं होतं का? भावजी म्हणाले, "दिसलं होतं. मी काढून टाकलं."

त्यानंतर ते प्रयोगशाळेत गेले नाहीत. देवाची इच्छा, असं मी एकदा म्हणून गेले. "देवावर नका ढकलू, वहिनी. मी प्रयोगशाळेतल्या पोरांना जन्मभर शिकवलं, क्वचित येणारी उडीच खरं काय ते सांगते. माझ्या घरात आली, तर मी तिला धूळ म्हणालो." रोजची पोथी वाचताना त्यावर उत्तर शोधते. अजून सापडलेलं नाही, खोटं कशाला लिहू.

आज माझाच आकडा वर गेला. "वातींच्या नादात हात हलला असेल, परत घ्या," मी म्हटलं. परत घेतला, तो ठीक आला. "बघा! पहिला सोडून द्या."

मशीन तसंच ठेवून त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "नको ना सोडून देऊस. अगं, चल. आत्ता चल."

लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी मला 'अहो वहिनी'खेरीज कधी हाक मारलेली नाही. मी हात सोडवून घेतला नाही. समोर समई तशीच होती, वातीवाचून. बऱ्याच वेळाने त्यांचं त्यांनाच कळलं, कुणाचा हात धरलाय ते. तोंड फिरवून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आज रविवार, दवाखाना बंद. उद्या सकाळी भावजींबरोबर मलकपेठच्या डॉक्टरांकडे बीपी दाखवायला जायचं आहे.