घड्याळाच्या दुकानात फिजिक्सचे सर

लहानपणी महाडला मालकाच्या दुकानात कामाला लागलो, तेव्हा बाराचे ठोके कधी एकदम पडत नसत. एका घड्याळाचे संपत आले की दुसऱ्याचे सुरू! बारा वाजून संपायलाच बराच वेळ लागायचा. तो आवाज अजून कानात आहे.

आता पोलादपूरच्या स्टँडजवळ माझं दुकान आहे. लोक घड्याळं दुरुस्तीला टाकतात आणि न्यायला येत नाहीत. किस्सेही तसेच साचतात. बहुतेक आमच्या सरांचे. सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. गेल्या वर्षी वहिनी वारल्या. तेव्हापासून त्यांना घरी बसवत नाही, म्हणून दिवसभर माझ्या बाकावर.

*

सर म्हणाले, "नाना, उंचावर घड्याळ किंचित पुढे पळतं. इथल्यापेक्षा महाबळेश्वरला जास्त."

आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला एसटी नेणारा गणपत तिथेच होता. "बघा! म्हणून मी वर रोज लेट! सर, एवढं कंट्रोलरला लिहून द्या ना!"

*

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "जो वेगात फिरतो, त्याचं वय हळू वाढतं."

गणपतने टोपी काढून डोकं दाखवलं. "जन्मभर फिरतोय. मग हे केस कुठं गेले?"

"तुझी गाडी वेगात असते कधी रे?"

सर हसले. वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदाच.

*

सरांचा चहा नेहमी तसाच निवतो. "निवलेला चहा आपोआप तापत नाही. काळ एकाच बाजूला जातो, त्याची ही खूण."

चहावाली म्हणाली, "आपोआप कशाला? द्या इकडं, मी तापवते!"

*

एकदा मीच विचारलं, "सर, काळ मागे जातच नाही?"

"कागदावर जातो. समीकरणांना मागचं-पुढचं कळत नाही."

"मग वहिनी..."

"ती कागदावर नव्हती, नाना."

मी भिंग डोळ्याला लावलं आणि उगाच एक चालू घड्याळ उघडून बसलो.

*

या उन्हाळ्यात डोंगरातली भागीबाई घड्याळात सेल घालायला आली. वर्षातून एकदाच खाली उतरते. सरांच्या घरी करवंदं ठरलेली.

"मास्तर, घराला कुलूप! वैनी कुटं हायत?"

"गेली."

"कवा?"

"परवा."

"मुंबयला, लेकीकडं? मला कोन सांगनार! आता येनार कवा?"

गणपत खाली बघायला लागला. माझाही हात थांबला.

"परवा," सर म्हणाले.

"मग मी पन परवाच येते! वैनींना ताजी करवंदं लागतात. सांगाल ना?"

सर उठले. चपला घातल्या आणि घराकडे चालू लागले.